बंदरातला दिवस विकला जातो तेव्हा: कस्टम्समधल्या लाचेचा भार जळगाव जामोदपर्यंत कसा पोचतो?

१ ऑक्टोबर २०२५ रोजी चेन्नईच्या 'विनट्रॅक' या आयातदार कंपनीने समाजमाध्यमांवर जाहीर केलं, की ती भारतातला आयात-निर्यातीचा व्यवसाय थांबवत आहे. कारण सांगितलं ते कस्टम्सचं. लाचखोरी उघड केल्यामुळे ४५ दिवस आपल्याला त्रास दिला गेला, असा कंपनीचा आरोप होता. चेन्नई कस्टम्सने तो लगेच फेटाळला. कंपनीने माल चुकीचा जाहीर केला होता, आवश्यक कागदपत्रं नव्हती आणि लाच कोणीही मागितलेली नाही, असं विभागाचं म्हणणं होतं.

पोस्ट व्हायरल झाली आणि देशभरातल्या व्यापाऱ्यांनी आपापले अनुभव लिहायला सुरुवात केली. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने महसूल विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडून चौकशीचे आदेश दिले. दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कस्टम्सची साफसफाई हे आपलं पुढचं मोठं काम असल्याचं जाहीर कार्यक्रमात सांगितलं.

त्या एका प्रकरणात कोण बरोबर, हा चौकशीचा विषय. मोठा प्रश्न वेगळा आहे. संगणक आले, ऑनलाइन अर्ज आले, 'फेसलेस' तपासणी आली, तरी बंदरात आणि विमानतळावर हात ओले करण्याची तक्रार संपत का नाही? आणि ज्या गावातून समुद्र दिसतही नाही, तिथल्या माणसाने याची काळजी का करावी?

जळगाव जामोदचा कस्टम्सशी काय संबंध?

जळगाव म्हटलं की बहुतेकांना खानदेशातलं केळीचं जळगाव आठवतं. जळगाव जामोद हे वेगळं. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी बसलेलं हे तालुक्याचं गाव. डोंगरापलीकडे मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर. रेल्वे पकडायची तर नांदुरा गाठावं लागतं आणि मुंबईचं बंदर पाचशेच्या आसपास किलोमीटर लांब आहे.

तरीही इथल्या शेतमालाचा भाव कस्टम्सच्या कागदावर हलतो. ताजं उदाहरण कापसाचं. परदेशी कापसावर २०२१ पासून ११ टक्के आयात शुल्क होतं. केंद्र सरकारने ते १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. वऱ्हाडात नेमका हाच वेचणीचा आणि विक्रीचा काळ. संत्र्याचंही तसंच. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेलं आणि विदर्भातल्या संत्र्याची मोठी बाजारपेठ आक्रसली. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारला त्या शुल्काच्या निम्म्या रकमेइतकं अनुदान जाहीर करावं लागलं.

हा झाला कस्टम्सचा दिसणारा भाग. दर वाढला किंवा घटला की बातमी येते, आंदोलन होतं, आमदार-खासदार बोलतात. न दिसणारा भाग मात्र कोणत्याही अधिसूचनेत छापलेला नसतो. तो असतो माल अडवून ठेवण्याच्या अधिकाराचा दर.

कंटेनर बंदरात गेल्यावर नेमकं काय होतं?

निर्यात सुरू करणं आज कागदावर फार अवघड नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या वेबसाइटवर ५०० रुपये भरून आयात-निर्यात कोड मिळतो. माल पाठवायचा तर 'शिपिंग बिल' आणि मागवायचा तर 'बिल ऑफ एंट्री' हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. छोटा व्यापारी हे काम स्वतः करत नाही. त्यासाठी तो परवानाधारक कस्टम्स ब्रोकर नेमतो. बंदरावरच्या भाषेत 'सीएचए' किंवा क्लिअरिंग एजंट.

अर्ज भरला की संगणकाची जोखीम-प्रणाली तो तपासते. बऱ्याच अर्जांना ती थेट पुढे सोडते. उरलेल्यांच्या बाबतीत अधिकाऱ्याला चार प्रश्नांची उत्तरं ठरवायची असतात. माल नेमका कोणता? त्याची खरी किंमत किती? तो मूळ कोणत्या देशातला? आणि पेटी उघडून पाहायची का?

प्रश्न साधे वाटतात, पण प्रत्येकात लाखो रुपये दडलेले असू शकतात. समजा, जळगाव जामोद किंवा खामगावच्या एखाद्या जिनिंगवाल्याने परदेशातून मशीनचा एक भाग मागवला. त्याला 'यंत्र' म्हणायचं, 'सुटा भाग' म्हणायचं की 'लोखंडी वस्तू'? नाव बदललं की शुल्काचा दर बदलतो. किंमत कमी दाखवली आहे, असा अधिकाऱ्याला संशय आला तर तो जुन्या व्यवहारांचे दाखले मागू शकतो. हे सगळे अधिकार कायद्याने दिलेले आहेत आणि त्यांची गरजही आहे. अडचण सुरू होते ती या अधिकारांना घड्याळ नसतं तेव्हा.

विकला जातो तो वेळ

माल बंदरात पडून राहिला की दोन मीटर एकाच वेळी फिरू लागतात. बंदर किंवा गोदाम जागेचं भाडं लावतं, त्याला डेमरेज म्हणतात. जहाज कंपनी तिचा कंटेनर अडकवून ठेवल्याचे पैसे लावते, ते डिटेन्शन. शीतकंटेनर असेल तर विजेचा खर्च वेगळा. केळी किंवा संत्री असतील तर माल खराब होण्याची भीती त्याहून मोठी.

आता एक साधा हिशोब. आकडे केवळ समजण्यासाठी. या सगळ्याचा खर्च दिवसाला दहा हजार रुपये धरा. शंकेचं निरसन व्हायला पाच दिवस लागणार असतील तर पन्नास हजार गेले. अशा वेळी कोणी पंधरा हजारांत 'आजच सोडवून देतो' म्हटलं, तर व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती लाच राहत नाही, ती पस्तीस हजारांची बचत होते. म्हणून तर तिला 'स्पीड मनी' असं गोड नाव पडलं आहे.

या व्यवहारात माल निर्दोष आहे आणि शुल्कही पूर्ण भरलेलं आहे. विकला गेला तो फक्त वेळ. तो विकता यावा यासाठी आधी उशीर तयार करावा लागतो. म्हणजे जिथे लाच चालते तिथे काम लवकर होतं, हा समज उलटा आहे. लाच देणाऱ्याचं काम लवकर व्हावं यासाठी बाकीच्यांचं काम मुद्दाम रखडवलं जातं.

जून २०२५ मध्ये सीबीआयने मुंबईच्या सहार एअर कार्गोमधल्या एका अधीक्षकाला १० लाख २० हजार रुपयांच्या लाचप्रकरणी अटक केली. सीबीआयच्या म्हणण्यानुसार त्याने क्लिअरिंग एजंटकडे मालाच्या दर किलोमागे १० रुपये मागितले होते आणि पैसे मिळेपर्यंत माल अडवला होता. आरोप सिद्ध होणं न्यायालयाचं काम. पण मागणीचं स्वरूप बोलकं आहे. कोणत्याही चुकीचा उल्लेख नाही, वजनावर दर आहे. जणू समांतर शुल्कच.

मोठ्या कंपनीला हा भार वेगळा लागतो. तिचे वर्षाला शेकडो कंटेनर जातात, एक अडला तरी धंदा थांबत नाही. तिच्याकडे वकील आहेत. सरकारच्या 'अधिकृत आर्थिक संचालक' म्हणजे एईओ योजनेत तिला विश्वासू ग्राहकाचा दर्जा असतो, त्यामुळे तपासणी कमी होते. तालुक्याच्या गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा मात्र वर्षाला एकच कंटेनर असू शकतो. तो अडला म्हणजे सगळंच अडलं.

हा खर्च शेवटी कोण भरतो? एजंटच्या बिलात तो 'इतर खर्च' म्हणून येतो. निर्यातदार तो परदेशी ग्राहकावर टाकू शकत नाही, कारण तिकडचा भाव जागतिक बाजार ठरवतो. मग तो मागे सरकतो, खरेदीच्या भावाकडे. न्हावा शेवाला टेबलाखालून गेलेले पैसे बांधावर किलोमागे काही पैशांनी कापले जातात. ज्याचे कापले जातात त्याला कारण कधीच कळत नाही.

लाचेचे दोन चेहरे

कस्टम्समधली लाच एकाच प्रकारची नसते. अडवणुकीची लाच वर पाहिली. दुसरी असते संगनमताची. तिथे व्यापारी आणि अधिकारी मिळून सरकारला फसवतात. माल एक, कागदावर दुसरा. किंमत शंभर, दाखवली चाळीस. यात तक्रार करणारा कोणीच नसतो, कारण दोन्ही बाजू खूश असतात.

अर्थशास्त्रज्ञ सँड्रा सिक्वेरा आणि सिमियन ज्यांकोव्ह यांनी आफ्रिकेतल्या बंदरांवरच्या लाचेचा अभ्यास केला होता. अडवणूक होणाऱ्या बंदराचा वापर व्यापारी कमी करतात आणि संगनमत करता येतं त्या बंदराचा वापर वाढवतात, असं त्यांना दिसलं. थोडक्यात, प्रामाणिक धंदा पळून जातो आणि लबाड धंदा आकर्षित होतो.

विदर्भाला संगनमताच्या संशयाचं उदाहरण दूर शोधावं लागत नाही. नागपूर हे सुपारीच्या व्यापाराचं मोठं केंद्र आहे. परदेशी सुपारीवर भारतात जबर आयात शुल्क आहे. दक्षिण आशियाई देशांमधून आलेल्या मालाला मात्र करारानुसार सवलत मिळते. इंडोनेशियाची निकृष्ट सुपारी शेजारी देशांची म्हणून दाखवून आणली जाते, अशा तक्रारी झाल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं आणि न्यायालयाच्या आदेशानंतर सीबीआयने गुन्हा दाखल केला. जुलै २०२१ मध्ये नागपूर आणि मुंबईत छापे पडले. गुन्ह्यात अज्ञात सरकारी कर्मचाऱ्यांचाही उल्लेख होता. 'माल मूळ कोणत्या देशातला?' हा निरुपद्रवी वाटणारा प्रश्न किती महागडा असतो, ते यातून दिसतं.

संगनमताची सर्वात भीषण किंमत महाराष्ट्राने १९९३ मध्ये मोजली. १२ मार्चच्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ लोकांचा जीव गेला. त्यासाठी लागलेली शस्त्रं आणि आरडीएक्स रायगड किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी इथे उतरवण्यात आली होती. रस्त्यावर पहारा होता, अधिकारीही होते. या खटल्यात पोलिसांबरोबर कस्टम्सचे अधिकारीही दोषी ठरले. त्यात अतिरिक्त कलेक्टर दर्जाच्या अधिकाऱ्याचा समावेश होता. चांदी आणि सोन्याच्या चोरट्या व्यापाराकडे वर्षानुवर्षं काणाडोळा करण्याची सवय लागलेली असेल, तर एक दिवस पेटीत काय आहे हे विचारणारा कोणी उरत नाही.

बुऱ्हाणपूरचं काटेरी कुंपण

जळगाव जामोदच्या डोंगरापलीकडे, बुऱ्हाणपुरात, या प्रश्नाचा दीडशे वर्षांपूर्वीचा धडा आहे.

इंग्रजांनी मिठावर भरमसाट कर बसवला होता. करमुक्त मीठ संस्थानांमधून चोरून येऊ नये म्हणून त्यांनी देशाच्या मधोमध एक अंतर्गत जकात-रेषा आखली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळपास १२,००० माणसं पहारा देत होती. लांबच लांब पट्ट्यांत काटेरी झाडांचं अभेद्य कुंपण होतं. ही रेषा बुऱ्हाणपूरवरून जात असे. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत भाग घेणारे ॲलन ह्यूम हे काही काळ या खात्याचे प्रमुख होते.

इतका पहारा असूनही मीठ यायचंच. कमी पगाराचे शिपाई, रात्रंदिवस ये-जा करणारे लोक आणि कुंपणाच्या दोन बाजूंना मिठाच्या भावात मोठा फरक, अशी ती जुळणी होती. त्यामुळे चोरट्यांकडून हप्ता आणि साध्या वाटसरूकडून चिरीमिरी, दोन्ही प्रकार चालले. म्हणजे संगनमतही आणि अडवणूकही.

हे संपलं कसं? आणखी शिपाई नेमून नाही. मिठाच्या करातली तफावत कमी करण्यात आली, मिठाची मोठी उत्पादनकेंद्रं ताब्यात घेऊन कर तिथेच वसूल होऊ लागला आणि १ एप्रिल १८७९ रोजी ती रेषा मोडीत निघाली. चोरून आणण्यात फायदाच उरला नाही, तेव्हा लाचेचं कारणही संपलं.

महाराष्ट्रातल्या मागच्या पिढीने असंच काहीसं जकात नाक्यांच्या बाबतीत पाहिलं. नाक्यावर ट्रकच्या रांगा आणि रांगेतून पुढे जाण्याचे 'दर' सगळ्यांना माहीत होते. १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर मुंबईतली जकातही गेली आणि नाक्यावरची ती रांगच उरली नाही.

देशाच्या सीमेवरचं कस्टम्स मात्र असं बंद करता येत नाही. अंमली पदार्थ, शस्त्रं, बनावट औषधं, कीडग्रस्त बियाणं, हे सगळं अडवायला कोणीतरी लागणारच. मग निदान त्या माणसाच्या हातातला 'उशीर' काढून घेता येईल का?

'फेसलेस' झालं, पण पेटी उघडणारा माणूस तिथेच आहे

गेल्या काही वर्षांत या दिशेने बरंच काम झालं आहे, हे मान्य करायला हवं. पूर्वी कारखान्यात निर्यातीचा कंटेनर भरताना सरकारी अधिकारी हजर असावा लागे. त्याची येण्याची वेळ सांभाळणं हेच एक काम असे. २०१७ पासून निर्यातदार स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावू शकतो. २०२१ पासून बिल ऑफ एंट्री माल पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरणं हा नियम झाला, म्हणजे कागदांची तपासणी आधीच सुरू होते.

सर्वात मोठा बदल 'तुरंत कस्टम्स'चा. ८ जून २०२० पासून बेंगळुरू आणि चेन्नईत आणि ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस मूल्यांकन सुरू झालं. न्हावा शेवाला आलेल्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. तो कोण हे व्यापाऱ्याला कळत नाही आणि व्यापारी त्याच्या टेबलापर्यंत पोचू शकत नाही.

यातून टेबलाखालचा एक रस्ता बंद झाला. पण दुसरा उघडाच राहिला. कागद दूरचा अधिकारी पाहतो, माल मात्र बंदरातलाच अधिकारी उघडतो. नमुना प्रयोगशाळेत कधी पाठवायचा, तपासणी आज करायची की उद्या, शेरा काय लिहायचा, हे त्याच्या हातात असतं. 'फेसलेस'ची सुरुवात झालेल्या दोन शहरांपैकी एक चेन्नई होतं. २०२५ चा वादही तिथलाच, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

संगणकालाही वाकवता येतं. मादागास्करच्या मुख्य बंदरात कोणता अर्ज कोणत्या निरीक्षकाकडे जाईल हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवत असे. संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा काही अर्ज ठरावीक निरीक्षकांकडेच जात असल्याचं दिसलं. त्यांत करचुकवेगिरीचा धोका जास्त, पण पकडले जाण्याचं प्रमाण कमी, आणि ते सुटतही लवकर. यामुळे एकूण करवसुलीच्या सुमारे ३ टक्के रक्कम बुडत होती. त्यामागे अगदी मोजके निरीक्षक आणि मोजके एजंट होते. काम वाटपाची जबाबदारी तिसऱ्याच संस्थेकडे दिल्यावर भ्रष्टाचाराने नवी वाट शोधली. भारतातही २०२३ मध्ये मुंबई विमानतळावरच्या कस्टम्स अधिकाऱ्यांवर सीबीआयने गुन्हे नोंदवले, त्यातला आरोप होता की प्रवाशांकडून लाच यूपीआयने, मालवाहू कामगारांच्या खात्यांवर घेतली गेली. तंत्रज्ञान दोन्ही बाजूंना वापरता येतं.

तक्रार का होत नाही?

पहिलं कारण कायद्यातच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. जबरदस्तीने लाच द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तरच संरक्षण मिळतं. लाच देण्यापूर्वीच यंत्रणेला कळवून सापळा लावला तर देणाऱ्यावर गुन्हा होत नाही.

कागदावर हे योग्य वाटतं. पण सात दिवसांत माल अजून बंदरातच असतो. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच हातात सही असते. आणि सातवा दिवस उलटला की तक्रारदार स्वतःच आरोपी होण्याच्या रेषेवर येतो. त्यामुळे गप्प बसणं दोघांच्याही सोयीचं ठरतं.

दुसरं कारण एजंटचं. व्यापारी वर्षातून एकदा बंदरात येतो, एजंट रोज येतो. त्याचा परवाना कस्टम्स विभागच देतो आणि तोच निलंबित करू शकतो. एका ग्राहकासाठी तो शंभर ग्राहकांचं काम धोक्यात का घालेल? मग लाचेची मागणी व्यापाऱ्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. पोचतो तो फक्त बिलाचा आकडा. अर्थात, अधिकाऱ्याचं नाव पुढे करून स्वतःच खिसा भरणारे एजंटही असतातच. मधला माणूस अपारदर्शक असला की खरं कोण हे कळायला मार्ग उरत नाही.

अधिकाऱ्यांची बाजूही आहे

प्रत्येक उशीर लाचेसाठीच होतो, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. सरकारच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासानुसार समुद्री बंदरांवर आयात माल सुटायला सरासरी ८५ तास ४२ मिनिटं लागत होती आणि विमान मालवाहतुकीत ४४ तास १६ मिनिटं. या वेळात आयातदाराने उशिरा भरलेलं शुल्क, अपुरी कागदपत्रं, अन्नसुरक्षा आणि वनस्पती संगरोध यांसारख्या इतर खात्यांच्या परवानग्या हेही येतं. आगाऊ अर्ज, जोखमीनुसार तपासणी आणि विश्वासू व्यापाऱ्याचा दर्जा ही तिन्ही कलमं जिथे एकत्र येतात तिथे माल बराच लवकर सुटतो, हेही त्याच अभ्यासाने दाखवलं.

शिवाय अधिकाऱ्यालाही भीती असते. माल सोडला आणि पुढे करचुकवेगिरी निघाली, तर लेखापरीक्षणात प्रश्न त्यालाच विचारला जातो. माल अडवून ठेवल्याबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. मग प्रामाणिक अधिकारीही 'अडवणं' हाच सुरक्षित पर्याय निवडतो आणि भ्रष्ट अधिकारी त्याच सवयीच्या आड लपतो.

शिक्षा झालेलीच नाही, असंही नाही. जून २०१९ मध्ये कस्टम्स आणि उत्पादन शुल्क विभागातल्या १५ वरिष्ठ अधिकाऱ्यांना सरकारने सक्तीने निवृत्त केलं. पण माणसं बदलून खुर्चीची किंमत कमी होत नाही. उशीर विकण्याची सोय तशीच राहिली, तर नवा माणूस त्याच दराने दुकान उघडतो.

मग काय केलं तर फरक पडेल?

पहिली गोष्ट, घड्याळ. शंका काढली तर ती एकदाच, लेखी आणि कारणासह असावी. ठरावीक मुदतीत निर्णय झाला नाही तर प्रकरण आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावं. आज आइसगेट पोर्टलवर नाव उघड न करता उशिराची तक्रार वर पोचवण्याची सोय आहे, पण तिथे पहिलं पाऊल व्यापाऱ्यालाच टाकावं लागतं.

दुसरी, उघडे आकडे. देशाची सरासरी जाहीर होते. त्याऐवजी प्रत्येक बंदराचे, प्रत्येक तपासणी शेडचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध झाले, तर एकाच प्रकारच्या मालाला एका ठिकाणी एक दिवस आणि दुसरीकडे सहा दिवस का लागतात, हे कोणालाही विचारता येईल. मादागास्करमधली लबाडीही आकड्यांनीच पकडली होती.

तिसरी, उशिराचा खर्च. कस्टम्सने अडवलेल्या मालावर गोदामाने भाडं लावू नये, असा नियम २००९ पासून आहे. पण त्यासाठी विभागाचं प्रमाणपत्र लागतं आणि जहाज कंपनीचं डिटेन्शन तर चालूच राहतं. शंका निराधार ठरली तर दिवसांचा खर्च व्यापाऱ्याच्या माथी राहू नये. उशीर फुकट असेपर्यंत तो विकला जाणारच.

चौथी, साधे दर. शुल्काचे टप्पे आणि सवलती जितक्या जास्त, तितकी 'याला काय म्हणायचं?' या प्रश्नाची किंमत जास्त. नवे व्यापार करार होत आहेत. ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. करारांमुळे शुल्क घटेल, पण मालाच्या मूळ देशाची प्रमाणपत्रं तपासण्याचं काम वाढेल. ते नीट आखलं नाही, तर सवलतीचा काही भाग वाटेतच मुरेल.

पाचवी, तक्रारदाराचं संरक्षण. तक्रार करणाऱ्याचा माल त्याच शेडमधल्या त्याच अधिकाऱ्याच्या हाती राहू नये, एवढी साधी तरतूदही मोठा फरक पाडेल.

छोट्या निर्यातदाराने आज काय करावं?

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काही गोष्टी हातात आहेत. एजंटशी लेखी करार करावा आणि 'इतर खर्च' या नावाखाली पावतीशिवाय एक रुपयाही मान्य करू नये. मालाचा वर्गीकरण कोड आधीच पक्का करून घ्यावा. शंका असेल तर आगाऊ निर्णय मागण्याची कायदेशीर सोय आहे. अर्ज आगाऊ भरावा, प्रत्येक शंका पोर्टलवरच मागावी आणि उत्तरही तिथेच द्यावं. फोनवरच्या संभाषणाला पुरावा नसतो. एईओ योजनेत लघुउद्योगांसाठी अटी सैल केल्या आहेत. एकट्याला परवडत नसेल तर शेतकरी कंपन्यांनी एकत्र येऊन तो दर्जा मिळवण्याचा विचार करावा. आणि लाचेची मागणी झालीच, तर पैसे देण्याआधी सीबीआयच्या लाचलुचपत शाखेकडे जावं. विदर्भासाठी ती नागपुरात आहे.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे आणि भारताने तो मान्य केला आहे. त्यामागचा विचार असा, की सीमेवरचा वेळ हाही एक प्रकारचा करच असतो. फरक इतकाच, की शुल्क सरकारच्या तिजोरीत जातं आणि वाया गेलेला वेळ कोणाच्याच नाही, किंवा चुकीच्या खिशात जातो.

अर्थमंत्र्यांच्या साफसफाईचं यश म्हणूनच किती अधिकारी पकडले यावर ठरणार नाही. ज्याचा वर्षाला एकच कंटेनर जातो, ज्याची कोणाशी ओळख नाही आणि ज्याचे कागद चोख आहेत, त्याचा माल मोठ्या कंपनीइतक्याच वेळात सुटतो का? जळगाव जामोदच्या दृष्टीने परीक्षा तेवढीच आहे.